खुशाल जा युरोपला, पण आजीला सहीचा अधिकार देऊन जा

मे महिना आला की पुण्यातल्या आमच्या तळजाई टेकडीवरच्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये एक विषय हमखास निघतो, आणि काढणारे आम्हीच, सगळे साठीच्या पुढचे, ज्यांच्या घरी सुट्टीत नातवंडं मुक्कामाला असतात ते. कोणाचा मुलगा-सून स्वित्झर्लंडला, कोणाची लेक-जावई व्हिएतनामला, आणि पोरं इथे कोथरूडला नाहीतर सहकारनगरला. मग कोणीतरी म्हणतंच, "मला बाई कळतच नाही, एवढ्या लहान मुलांना ठेवून फिरायला जाववतं कसं यांना?" तिकडे तरुण मंडळी मोबाईलवर लिहीत असतात की आईबाप झालो म्हणजे काय आमचं आयुष्य संपलं का, आम्हाला पण जरा मोकळा वेळ नको का वगैरे. मी दोन्हीकडचं ऐकते आणि मला दोन्हीकडे काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. मी स्वतः सांभाळणारी पार्टी आहे, बँकेतून रिटायर झालेली, एक नात सातवीत आणि नातू अजून शाळेत जाताना अधूनमधून भोकाड पसरणारा, त्यामुळे हे जे लिहितेय ते लांबून बघून लिहीत नाहीये.

तर माझं म्हणणं असं की त्यांनी जावं. अगदी खुशाल जावं. माझी तक्रार त्यांच्या जाण्याबद्दल नाहीच, ते मूल आमच्याकडे ठेवून जातात आणि त्याच्याबद्दलचा अधिकार मात्र बॅगेत घालून बरोबर घेऊन जातात, त्याबद्दल आहे.

आधी ते "जाववतं कसं" उरकून टाकते. मूल सतत आईबापाच्याच नजरेखाली असलं पाहिजे ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीये, दोन बेडरूमच्या फ्लॅटबरोबर आलीय ती. आमच्या लहानपणी परीक्षा संपली की स्वारगेटला एसटीत बसवून द्यायचे, कंडक्टरला सांगायचे पोरांवर लक्ष ठेवा, आणि मग शाळा सुरू होईपर्यंत मामाकडे, वडिलांचं तोंड महिनाभर दिसायचं नाही, पोहोचल्याचं एक पोस्टकार्ड गेलं की झालं. त्याला कोणी भावनिक दुर्लक्ष वगैरे म्हटलं नाही. आणि ते जाऊ दे, दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोरून जाणारं उदाहरण घ्या. आषाढीच्या आधी माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असते तेव्हा जाऊन बघा, दिंड्यांमध्ये म्हाताऱ्या बायका असतातच पण तिशी-पस्तिशीच्या पण दिसतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या. त्यांची मुलं कुठे असतात? गावाला, सासूकडे, जावेकडे. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, तीन आठवड्यांच्या आसपास चालायचं, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, घरी पेरणीची गडबड, आणि तरी तिला कोणी विचारत नाही की बाई तू पोरांना सोडून आलीस कशी. उलट आपण तिच्या पाया पडतो आणि हातात राजगिऱ्याचा लाडू देतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं, ती देवासाठी चाललीय हो, हे मजेसाठी चाललेत. बरं. मग हिंजवडीतला आयटीवाला बाप सहा महिने ऑनसाईट, म्हणजे कंपनीच्या कामाला परदेशी जातो तो? तो पोटासाठी. म्हणजे देव आणि पोट ही दोन कारणं चालतात, मजा हे कारण चालत नाही. मला हे पटत नाही. आमच्या पिढीने काय केलं, लग्नानंतर महाबळेश्वरला चार दिवस आणि त्यानंतर नवरा-बायको दोघंच असे थेट रिटायरमेंटनंतर, तेव्हा एकाचे गुडघे गेलेले, दुसऱ्याला बीपी, आणि आल्प्स बघायचे ते बसच्या काचेतून कारण डोंगरावर गेलं की दम लागतो. मधली वीस-पंचवीस वर्षं दोघांमध्ये बोलणं कशावर तर फी भरली का, गॅस लावला का, टँकर आला का. त्याचा मुलांना काही फायदा झाला असेल असं मला तरी वाटत नाही, एकमेकांना कंटाळलेले आईबाप सांभाळणं हे मुलांसाठी पण काही सोपं काम नसतं. तेव्हा चाळिशीच्या आत, पाय धड असताना, दोघं आठ-दहा दिवस कुठे जाऊन आले तर मला त्यात पाप दिसत नाही. आणि एकटी आई गेली तरी नाही. खरं तर मराठी बायकांना हे शिकवलं आपल्याच टूर कंपन्यांनी, केसरीची माय फेअर लेडी, वीणा वर्ल्डची वुमन्स स्पेशल, कितीतरी बायका नवरा-मुलं घरी ठेवून पहिल्यांदा परदेशात गेल्या त्या अशा सहलींमधून. तरी अजून बाप मित्रांबरोबर थायलंडला गेला तर "चैन आहे बाबा" आणि आई गेली तर "मुलांचं काय केलंस?" हा प्रश्न विचारणाऱ्यांत सत्तर टक्के बायकाच असतात, आकडा माझा, तळजाईवरचा.

मग मुलांना पण न्या ना बरोबर, असंही म्हणतात. न्यावं की, जरूर न्यावं, पण प्रत्येक वेळी न्यायलाच पाहिजे असं का? खर्च हे एक कारण आहे आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्याची फी २०२४ च्या जूनपासून मोठ्यांना ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मी, ६ च्या आतल्यांना माफ, पण व्हिसा माफ झाला म्हणून विमान माफ होत नाही, दोन वर्षं झाली की सीट घ्यावी लागते आणि बारा पूर्ण झाले की बहुतेक ठिकाणी पूर्ण तिकीट. चार जणांच्या युरोपच्या पैशात दोघांचं दोनदा होतं, हा साधा हिशोब आहे. आणि पाच वर्षांच्या मुलाला म्युझियमच्या रांगेत दीड तास उभं करून तो काय बघणार, त्याला त्यापेक्षा आमच्या सोसायटीच्या खालची वाळू आवडते. मोठ्या मुलांचं वेगळं, सातवीतल्या नातीला पॅरिस कळतं, तिला वाईट वाटतं आणि वाटणारच. तिथे मला एक गोष्ट फार खटकते ती म्हणजे खोटं बोलणं. "आईबाबा ऑफिसच्या कामाला चाललेत." अरे, ती पोरगी तुमचे फोटो तुमच्या आधी बघते, आत्याच्या स्टेटसवर. सरळ सांगावं की आम्ही दोघं फिरायला चाललोय, दिवाळीत आपण सगळे जाऊ, आणि मग दिवाळीत न्यावं. मुलांना "नाही" हा शब्द ऐकून घेता येतो, फसवलं गेल्याचं मात्र लक्षात राहतं त्यांच्या.

वयाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो "आम्हाला पण आयुष्य आहे" म्हणणाऱ्यांनी उडवून लावू नये. सव्वा-दीड वर्षाच्या मुलाला "दहा दिवसांनी येते" याचा अर्थ कळत नाही, त्याच्या दृष्टीने आई गेली म्हणजे गेली. लंडनमध्ये जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या नवरा-बायकोने १९६० च्या दशकाच्या शेवटी यावर फार बारकाईने काम केलं होतं. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी किंवा उपचारासाठी दवाखान्यात, आणि तेवढ्या काळापुरतं छोटं मूल दुसरीकडे, अशा मुलांचं दिवसेंदिवस निरीक्षण. एक १७ महिन्यांचा मुलगा ९ दिवस एका निवासी पाळणाघरात होता, तिथल्या बाया वाईट अजिबात नव्हत्या, पण ड्युटी बदलायची, आज ही उद्या ती, कोणी एक त्याची अशी नव्हतीच. तो आधी सगळ्यांकडे जाऊन बघायचा, मग रडायला लागला, मग खाणं सोडलं, आणि आई घ्यायला आली तेव्हा तिच्याकडे जाईना. याउलट चार मुलं या जोडप्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतली, त्यातलं एक त्याच वयाचं आणि एक तर जवळजवळ चार आठवडे. आधी ओळख करून घेतलेली, त्यांचं खाणं, झोपणं, सवयी माहीत करून घेतलेल्या, दिवसभर एकच बाई समोर आणि आईचा विषय मुद्दाम काढत राहायचा. ती मुलं पण अस्वस्थ झाली, नाही असं नाही, पण कोसळली नाहीत.

मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं आपण सगळा वाद चुकीच्या माणसाभोवती घालतोय. सगळे बोलतात जाणाऱ्यांबद्दल, ते बरोबर की चूक, प्रेमळ की स्वार्थी. मुलाचे ते दिवस कसे जाणार हे बऱ्याच अंशी मागे कोण राहतंय आणि त्याच्या हातात काय आहे यावर ठरतं. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर माझं स्पष्ट मत आहे की लांबचा प्रवास थोडा पुढे ढकला, आल्प्स कुठे पळून जात नाहीत, आणि अगदी जायचंच असेल तर ज्या घरात ते आधीपासून रुळलेलं आहे तिथेच ठेवा, सोमवारी आजी, गुरुवारी मावशी, शनिवारी आत्या असं फिरतं ठेवू नका. त्याच्या पुढच्या मुलांना आजी-आजोबांकडे उन्हाळ्यात दहा दिवस हा काही धक्का नाही, आमरस आहे, टँकवरची पोहण्याची बॅच आहे, आजोबांबरोबर पर्वती आहे, रात्री पत्ते आहेत.

आता मागे राहणाऱ्याच्या हातात काय असतं ते सांगते. निघायच्या आदल्या रात्री दोन पानी प्रिंटआउट मिळतो. सकाळी दूध कशातून, नाश्ता काय, स्क्रीन टाइम किती, आंबा किती फोडी (माझ्या आंब्याच्या फोडी मोजणारी सून मला लाभलीय, पण मुलगी गुणी आहे, वाचलं तर हसेल), कुठल्या मित्राकडे जायचं आणि कुठल्या नाही. हॉलमध्ये कॅमेरा असतोच. मग रोज रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल, कारण उन्हाळ्यात पॅरिस-झ्युरिक आपल्या साडेतीन तास मागे, तिथे संध्याकाळचे सहा वाजलेले, लख्ख ऊन, ते कॉफी पीत निवांत, आणि आमच्याकडे मुलगा दात घासून, गोष्ट ऐकून, डोळे मिटायच्या बेतात. मोबाईल वाजतो, आईचा चेहरा दिसतो, आणि जी दीड तास घालून आणलेली झोप असते ती गेली. वर "आई, हा अजून झोपला नाही?" मग मी आजोबांच्या तोंडाकडे बघते.

ही मुलं आयटीतली आहेत, त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायचं तर त्यांनी केटी, म्हणजे कामाची सगळी माहिती, पूर्ण दिलेला असतो, अ‍ॅक्सेस, म्हणजे काही बदलायची परवानगी, मात्र काहीच दिलेला नसतो, आणि प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ऐन चालू कामात, काही पडलं की जबाबदार आम्ही. ऑफिसमध्ये कोणी असं केलं तर ही मंडळी एचआरकडे जातील. घरात मात्र आजीने स्वतःच्या डोक्याने एक शिबिर बदललं, उन्हामुळे, की झ्युरिकहून मेसेज, "आई, आपलं ठरलं होतं ना?" आणि गंमत म्हणजे मुलांना हे लगेच कळतं. आजीचा शब्द शेवटचा नाही, वर अपील आहे, हे पाच वर्षांच्या पोराला दुसऱ्याच दिवशी समजलेलं असतं, मग तो प्रत्येक गोष्टीला "मी बाबांना फोन करून विचारतो" म्हणतो. ज्या मोठ्या माणसाच्या भरवशावर त्याने ते दिवस काढायचे, त्याच माणसाचं वजन तुम्ही रोज रात्री थोडं थोडं कमी करत असता. म्हणून मी म्हणते जायचं तर नीट जा. दिवसाआड फोन करा, आमच्या सोयीच्या वेळेला, कॅमेरा बंद करा आणि आंब्याच्या फोडी आमच्यावर सोडा. तुम्हाला आम्हीच वाढवलंय, बरे निघालात.

हे झालं घरातलं. सहीचं प्रकरण याच्यापेक्षा गंभीर आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांचा नातू मागच्या उन्हाळ्यात सायकलवरून पडला, हनुवटी चांगलीच फाटली, जवळच्या एका हॉस्पिटलात नेला. टाके घालायला थोडी भूल द्यावी लागेल म्हणाले, पोरगं हलत होतं. संमतीपत्रावर सही कोणाची? आजोबांनी पेन काढलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, आई किंवा वडील पाहिजेत. आई आणि वडील दोघंही विमानात, अजून सहा तास तरी उतरत नाहीत. मेडिक्लेमचं कार्ड नातवाच्या बापाच्या कंपनीचं, त्याचं ई-कार्ड बापाच्या मोबाईलमध्ये, मोबाईल विमानात. शेवटी एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोन केला आणि झालं काम, पण ओळख नसती तर काय, हा प्रश्न त्या आजोबांच्या डोक्यातून अजून जात नाही. आणि यात मला सगळ्यात बोचलं ते हे की शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचं मेडिकल कव्हर काढल्याशिवाय ते तुम्हाला दारात उभं करत नाहीत, म्हणजे तुमचा पाय तिकडे मुरगळला तर त्याची सोय तुम्ही कागदोपत्री चोख केलेली असते. घरी ठेवलेल्या मुलाची फाईल मात्र नसते. मुलाला बरोबर नेताना बघा किती कागद लागतात, पासपोर्टच्या अर्जाला दोघांच्या सहीचं अनेक्श्चर डी नावाचं संमतीचं जोडपत्र, व्हिसाला दोघांची संमती, एकच पालक नेत असेल तर दुसऱ्याचं पत्र. ठेवून जायला एक चिठ्ठी पण लागत नाही.

कायदा काय म्हणतो हे मला बँकेमुळे थोडंफार माहीत आहे. १९९९ साली सुप्रीम कोर्टाचा गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक हा निकाल आला तेव्हा मी काउंटरवर होते आणि आम्हा बायकांमध्ये त्याची बरीच चर्चा झाली होती. मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड, म्हणजे गुंतवणुकीचे रोखे, घ्यायचे होते, पालक म्हणून आईने सही केली, रिझर्व्ह बँक म्हणाली वडिलांची सही आणा नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. त्या बाईंनी थेट कोर्ट गाठलं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे आधी वडील, मग आई. कोर्टाने सांगितलं की आईला पालक होण्यासाठी वडील मरायची वाट बघायची गरज नाही, ते लांब असतील किंवा लक्षच देत नसतील तर आईच पालक. उत्तम निकाल. पण दोघंही झ्युरिकला असतील तर? त्या कायद्याच्या नैसर्गिक पालकांच्या यादीत आजी कुठेच नाही, आजोबाही नाहीत. त्यांना रीतसर पालक व्हायचं तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टात जायचं, दहा दिवसांच्या सहलीसाठी ते कोण करणार.

फौजदारी कायदा त्या मानाने समजूतदार आहे. जुन्या दंड संहितेचं कलम ८९ आणि आता २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २७ यात बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या गोष्टीला पालकाची किंवा मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे अशा माणसाची संमती चालते असं म्हटलंय. आणि जिवावरचंच असेल, संमती मिळवायला वेळच नसेल, तर कलम ३० खाली डॉक्टरांना थांबायची गरज नाही. पण हनुवटीचे टाके जिवावरचे नसतात, हात मोडला तर तो पण बहुतेक वेळा जिवावरचा नसतो, आणि काउंटरवरच्या मुलीने कलम २७ वाचलेलं नसतं. तिला कागद दिसायला हवा.

तो कागद काही अवघड नाही. मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, कशाची अ‍ॅलर्जी, नेहमीच्या डॉक्टरांचं नाव, आणि या तारखेपासून या तारखेपर्यंत आमचं मूल आजी-आजोबांच्या ताब्यात आहे, उपचाराचे निर्णय ते घेतील, आम्हाला ते मान्य आहेत. खाली दोघांच्या सह्या, सोबत आधारच्या झेरॉक्स, मेडिक्लेमच्या ई-कार्डची प्रिंट, हवं तर नोटरी करा. कोर्टाच्या हुकुमाचं वजन त्याला नाही, पण डॉक्टरांना आधार मिळतो आणि आजीचा हात थरथरत नाही. त्याच फाईलमध्ये थोडे पैसे ठेवा, यूपीआय करतो म्हणू नका, रात्री दोनला यूपीआय करायला कोण उठवणार तुम्हाला. आणि आता बोलतेच आहे तर, दोघं एकाच विमानाने जाताय, तर इच्छापत्रात मुलांचा पालक कोण हे लिहून ठेवता येतं, तेवढं लिहा. टर्म इन्शुरन्सला नॉमिनी अज्ञान मूल असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारा मोठा माणूस नेमायचा असतो, तो रकाना पण बघा. अभद्र बोलतेय असं वाटत असेल तर वाटू दे, बँकेत मी हे रकाने रिकामे सोडलेल्यांची घरं बघितलीत.

अधिकार म्हटलं की त्यात नाही म्हणायचा अधिकार पण आला, आणि तो तर आम्हाला जवळजवळ नसतोच. तिकिटं काढून झाल्यावर विचारतात, "आई, तुम्हाला जमेल ना?" यात विचारणं कुठे आहे? माझ्या एका मैत्रिणीची भिशी ग्रुपबरोबर दापोलीची सहल ठरलेली होती, कधी नव्हे ते, तिने ती रद्द केली कारण मुलाचं जपानचं बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं. तिचं दापोलीचं रिफंडेबल होतं ना. गुडघे दुखतात, चार मजले, लिफ्ट दिवसाआड बंद, आणि दोन मुलांमागे दिवसभर, हे काम आहे हो, प्रेमाचं असलं तरी काम आहे. त्या दिवसांत पोळ्यांच्या बाई दुप्पट वेळ लावा, एखादी मुलगी दुपारची मदतीला ठेवा, आणि ते पैसे सहलीच्याच बजेटमध्ये धरा, चॉकलेटचा डबा आणि मॅग्नेट आणून भागवू नका. आमच्या फ्रिजवर मॅग्नेट लावायला आता जागा नाहीये.

आणि ती मदतीला येणारी बाई. माझ्याकडे येते तिचं गाव बीडकडचं, तिची दोन्ही मुलं गावाला तिच्या आईजवळ असतात, वर्षातून दोनदा भेटतात, दिवाळी आणि जत्रा. तिच्या गावातले कितीतरी आईबाप ऊसतोडीला गेले की पाच-सहा महिने पोरं म्हातारा-म्हातारीच्या जिवावर. मुलांना मागे ठेवून लांब जाणं हे महाराष्ट्रात कधीपासून चालूच आहे, त्यांच्यावर वैचारिक लेख मात्र कोणी लिहीत नाही कारण ते फोटो टाकत नाहीत. ती एकदा मला म्हणाली, "काकू, तुमच्या सूनबाईला दहा दिवसांत करमंना का?" कुत्सितपणे नाही, खरंच विचारत होती. मला उत्तर सुचलं नाही, आणि आपण ज्याला प्रश्न म्हणून चघळतोय तो तिच्यासाठी किती लहान आहे हे पण कळलं. तिच्या आईकडे पण सहीचा अधिकार नाहीच, दवाखाना, शाळा, दाखले, सगळीकडे "आईबापाला घेऊन या". तिथे तर झ्युरिकहून फोन पण येत नाही.

म्हणून मला वाटतं हा फक्त आमच्यासारख्या घरांचा लाडाचा प्रश्न नाहीये, थोडी व्यवस्था सगळ्यांनाच लागेल. शाळांच्या अ‍ॅडमिशन फॉर्मवर इमर्जन्सी काँटॅक्टचा रकाना असतो, त्याच्याच खाली "पालक गावी नसताना निर्णय कोण घेईल" असा एक रकाना आणि दोघांच्या सह्या, दरवर्षी जूनमध्ये भरून घ्यायला काय हरकत आहे. हॉस्पिटलांनी आजी-आजोबांसाठीच्या संमतीपत्राचा एक साधा मराठी नमुना ठेवावा आणि कुठलं पत्र चालेल, कुठलं नाही, ते रिसेप्शनवर लिहून लावावं, म्हणजे हनुवटीतून रक्त गळत असताना काउंटरवर वाद घालावा लागणार नाही. राज्य सरकारने नातेवाइकांच्या तात्पुरत्या ताब्यासाठी एक सुटसुटीत नमुना काढला, कोर्टाची पायरी न चढता तलाठी किंवा नोटरीकडे होईल असा, तर ऊसतोडीच्या घरांना त्याचा उपयोग युरोपवाल्यांपेक्षा जास्त होईल. आणि टूर कंपन्या बुकिंग झाल्यावर ती मोठी यादी पाठवतात ना, पासपोर्ट, फोटो, थर्मल, अ‍ॅडॅप्टर, खाकरा, त्यात घरी राहणाऱ्या मुलांच्या पत्राची एक ओळ घालायला त्यांना छपाईचा पण खर्च येणार नाही, यादी तर व्हॉट्सअ‍ॅपवरच येते.